मागच्या चाकांचा प्रश्न

नंदाखाल,
५ नोव्हेंबर १९७८

ती. भालचंद्रकाकांस दयारामचा सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पोचलं. मथुराकाकूंचा गुडघा आता बरा आहे हे वाचून घरी सांगावंसं वाटलं, पण सांगणार कुणाला! तुम्हाला पत्र लिहितो हे बाबांना अजून ठाऊक नाही.

मुख्य बातमी अशी की, फेब्रुवारीत तुमच्या मद्रासजवळच्या शोलावरमच्या मोटार-शर्यतीत आपली जुनी फियाट उतरवायला बाबांनी होकार दिला. अट एकच: विड्याच्या पानांचे करंडे रोज पहाटे आगगाडीच्या आधी विरार स्टेशनात पोचले पाहिजेत. एक दिवस चुकला की शर्यत रद्द.

अडचण मागच्या चाकांची आहे. वळण जोरात घेतलं की आतलं चाक हलकं होऊन नुसतं भिरभिरतं आणि इंजिनाची सगळी ताकद फुकट जाते. गॅरेजातला माझा भागीदार जोसेफ म्हणतो, मागच्या दोन चाकांमध्ये ताकद वाटणाऱ्या डिफरन्शियलला वेल्डिंग मारून लॉक करून टाकू, दोन्ही चाकं एकदमच फिरतील, एका दुपारचं काम. तुम्ही इतकी वर्षं शर्यतीच्या गाड्या बांधता. काय करू ते कळवा.

काकूंना नमस्कार. पुतण्यावरची माया आटू देऊ नये.

आपला,
दयाराम

मद्रास,
१३ नोव्हेंबर १९७८

चि. दयाराम यास अ. उ. आ.

वेल्डिंगचं खूळ डोक्यातून काढ. वळताना बाहेरच्या चाकाला लांबचा फेरा पडतो, आतल्याला जवळचा. दोघांना जखडलंस की गाडी नाकासमोर चालू लागते. शोलावरमच्या रुंद धावपट्टीवर ते एक वेळ खपेल. आपल्या वाड्यांमधल्या गल्ल्या मला अजून पाठ आहेत, तिथे खपायचं नाही.

लिमिटेड स्लिप डिफरन्शियल निराळं. ते चाकांना आपापल्या चालीनं फिरू देतं आणि एक उधळलं तर त्याला आवरून दुसऱ्याला ताकद देतं. माझ्याकडे एक जुनं पडलं आहे. फियाटला बसेल असं करून जानेवारीत पाठवतो. तोवर उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग, असं करू नकोस.

यातलं काही दादांना कळवू नकोस. रहाटाचा बैल विकून मोटारसायकल घेतली म्हणून चौदा वर्षांपूर्वी त्यांनी मला उंबऱ्याबाहेर काढलं. आता माझ्या नावानं तुझी शर्यतही जायची.

काकूचे आशीर्वाद. खुशाली लिहीत जावी.

तुझा,
भालचंद्रकाका

नंदाखाल,
२८ नोव्हेंबर १९७८

ती. काकांस सा. न. वि. वि.

कोणत्या तोंडानं लिहू? तुमचं न ऐकता रविवारी आम्ही वेल्डिंग मारलं. अर्नाळ्याच्या रस्त्यावर गाडी अशी सुटली की जोसेफनं शीळ घातली.

सोमवारी पहाटे करंडे भरून निघालो, शेजारी बाबा. विहिरीजवळच्या वळणावर पाटाचं पाणी रस्त्यावर आलं होतं. मी स्टिअरिंग पुरतं फिरवलं आणि गाडी सरळ तुळशीदासच्या केळीत गेली. कुणाला लागलं नाही. मात्र करंडे चिखलात आणि आगगाडी निघून गेली. बाबांनी किल्ली काढून घेतली आणि चालत घरी गेले.

शर्यत संपली, काका. तुम्ही आता ते यंत्र घडवत बसू नका. रागावा, पण पत्र बंद करू नका.

आपला,
दयाराम

नंदाखाल,
३ डिसेंबर १९७८

चि. भालचंद्र यास बळीरामचे अनेक आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही, सांभाळून घे.

गाडीच्या खणात तुझं पत्र सापडलं. दादांना कळवू नकोस हे वाचून दुपारभर संताप झाला. संध्याकाळी बाकीचं वाचलं. मग जोसेफकडे गेलो आणि त्याला वेल्डिंग मारलेलं ते यंत्र उघडून दाखवायला लावलं. बैलांचे पाय एकमेकांना बांधले तर जोडी वळेल कशी? आणि एक बैल बिथरला की जू त्याला जोडीदाराबरोबर धरून ठेवतं, तेच तुझं दुसरं यंत्र. तू बैलांना कंटाळून पळालास असं मी सगळ्यांना सांगत आलो. तू तर अजून तेच काम करतो आहेस.

पोरानं तुझं ऐकलं नाही. चौदा वर्षांपूर्वी मीही ऐकून घेतलं नव्हतं. चूक माझी मोठी.

दयारामला किल्ली परत दिली आहे. फेब्रुवारीपर्यंत पानं तुळशीदासच्या टेम्पोतून जातील. केळी मोडल्या तरी तोच आपणहून म्हणाला.

ते लिमिटेड स्लिप पार्सलनं पाठवू नकोस. सौ. मथुराला घेऊन ये आणि तुझ्या हातानं बसव. कोणत्या दिवशी पोचता ते लिही. मी विरार स्टेशनात उभा असेन. केस पांढरे झालेत माझे, तेव्हा नीट बघ.

तुझा,
दादा