मनोऱ्याच्या सांध्यांतलं सिमेंट

प्रिय कोलमन,

पाकिटावरचं अक्षर बघून दचकू नकोस, मी अजून आहे. गुडघे तेवढे कुरकुरतात. पण महिनाभर पाय घरात ठरत नाही बघ. सकाळी अर्धा चहा तसाच टाकून मठाकडे सुटतो, दुपारी पुन्हा. आपला मनोरा हललाय रे. पाचशे वर्षं समुद्राचा वारा खाऊन उभा राहिला, आणि आता उत्तरेच्या भिंतीला माझा पंजा आत जाईल एवढी भेग. भेगेवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्यात. भिंत सरकली की काच तडकते. सोमवारी तीन शाबूत होत्या, आज एकच.

सरकारकडून ऑर्ला नावाची इंजिनियर आलीय. पोरगी माझ्या नातीच्या वयाची, पण शिडीवर मांजरासारखी चढते. पहिल्याच दिवशी सांध्यात छिन्नी घालून म्हणाली, "कोण हा शहाणा? चुन्याच्या भिंतीत सिमेंट कोंबलंय! आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला वाटच नाही. दगड आतून कुजलाय." मी खाली टोपी चुरगाळत उभा. तू म्हणायचास ना, "मॅलकी, भिंतीला श्वास घेऊ दे, ती काय डब्यातली मासळी आहे?"

आपण दोघे गवंडी मनोऱ्याची डागडुजी करत होतो, तो चौऱ्याहत्तरचा उन्हाळा सारखा डोळ्यांपुढे येतो. मठामागे खड्डा खणून तू चुना विरवलास, वर पाणी, फळ्या, ओली माती घातलीस आणि बजावलंस, हिवाळाभर मुरू दे. फादरना मात्र ऑगस्टच्या जत्रेआधी काम संपून मनोऱ्याभोवतीची परांची उतरलेली हवी होती. "मॅलकी, तुझ्या भरवशावर राहिलो तर काम पुरं करायला स्वर्गातून संतांनाच खाली यावं लागेल," असं सगळ्यांदेखत म्हणाले. मला ते झोंबलं. तू बहिणीच्या लग्नाला लिव्हरपूलला गेलास आणि बारा दिवसांत मी सगळा मनोरा सिमेंटने उरकला. परत आल्यावर तू वर पाहिलंस, थापी खाली ठेवलीस आणि तिसऱ्या दिवशी इंग्लंडच्या बोटीत बसलास. एक शिवी तरी द्यायचीस!

दहा वर्षांत दगडाचे पापुद्रे गळू लागले. पबवाला पॅकी भर गर्दीत म्हणाला, "ही कोलमनची करामत! उगाच का पळाला तो इंग्लंडला?" सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी ग्लास उचलला, प्यायलो आणि मिशीचा फेस पुसला. तेवढंच केलं मी. शहाऐंशी साली तू आईला माती द्यायला आलास, तेव्हा चर्चच्या दारात कोणी तुझा हात हातात घेतला नाही. तुला वाटलं असेल, परदेशी गेलेल्याला गाव असंच वागवतं. तसं नव्हतं, कोलमन. ते माझं मौन होतं. त्यानंतर तू आलाच नाहीस.

येत्या शुक्रवारी सभागृहात बैठक आहे. ऑर्ला म्हणते, चुन्यात मुरलेला गवंडी मिळाला तर वरचा मजला वाचेल, नाहीतर दगड उतरवावे लागतील. अहवालात ते सिमेंट भरणाऱ्या गवंड्याचं नावही लिहायचंय. पॅकीने लगेच तुझं नाव सांगितलं. तिने पेन उघडलं, तेव्हा मी म्हणालो, "थांब पोरी, शुक्रवारी मी सांगतो." शुक्रवारी उभा राहून माझं नाव घेणार आहे. पण त्याआधी तुला कळायला हवं, म्हणून हे पत्र. माफ कर असं म्हणायची हिंमत नाही. काल मठामागे जाऊन तो खड्डा उकरला. कुदळ चार वेळा ठेवली, चार वेळा उचलली. फळ्या कुजून गेल्यात, पण खाली तुझा चुना तसाच आहे. पन्नास वर्षांनी, लोण्यासारखा मऊ. बोट घातलं तर ठसा उमटला. ऑर्लाने चिमूट घेऊन विचारलं, "हा कोणी मुरवला?" त्या चुन्याला मात्र मी तिथल्या तिथे तुझं नाव दिलं. माझ्या हातांना तो कालवता येत नाही. एक काच अजून शाबूत आहे, कोलमन. येशील?

तुझ्या वाटेकडे डोळे लावून,
तुझाच,
मॅलकी