बुझांसाठी बंद केलेला हीटर

थोरल्या नान्सलमाताईस,

उलानबातरहून धाकट्या हांदसुरेनचा दोन्ही हात पुढे करून नमस्कार. हिवाळा सुखाने सरतोय ना? मेंढ्या अंगाने भरलेल्या आहेत ना? तुझा गुडघा काय म्हणतो? (माझ्याचं विचारू नकोस, तो चार तास बर्फात बसून आलाय.) तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद खराब करतेय. चार इयत्तांची बाई आहे मी, चुका पोटात घाल. नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी मी तुझ्या दारात आले नाही, तर तू गावभर सांगत सुटलीस म्हणे, की हांदसुरेनला शहराची चरबी चढली. आता काय झालं ते आधी ऐक, मग हवं ते बोल.

दोष सगळा जावयाचा. आमच्या दामदिनने ती जपानची वापरलेली गाडी आणली खरी, पण कूलंट कमी झालं की हा शहाणा वरून नळाचं पाणी ओतायचा. उणे पस्तिसात पाणी! नळ्यांत बर्फ धरला आणि हीटरमधून माझ्या मेलेल्या सासूच्या बोलण्यासारखी गार हवा यायला लागली. शेवटी मीच त्याला चोइजिल मिस्त्रीकडे हाकलला, सोबत मीही गेले (नाहीतर हा तिथे चहा पिऊन परत आला असता). चोइजिलने नळ्या धुतल्या, नवं कूलंट भरलं आणि समोरच्या कप्प्यामागून हवेचा फिल्टर ओढून काढला, तर त्यात बकरीची लोकर ठासून भरलेली. वसंतात तुझ्याकडच्या बकऱ्या विंचरून पोती याच गाडीतून आणली होती ना, तीच. मिस्त्री म्हणाला, "आजी, गाडीला आतून स्वेटर घातलाय होय?" मी म्हटलं, "चेष्टा पुरे, लोकर इकडे दे." वर मला शिकवतो, की थंडी जरा उतरली की आठवड्यातून दहा मिनिटं एसी लावत जा, म्हणजे तो बिघडत नाही आणि काचेवरची वाफही जाते. हिवाळ्यात एसी! मी त्याला म्हटलं, "तुझ्या बायकोला लाव आधी."

तर पहिल्या दिवशी पहाटे आम्ही तिघं निघालो, मी, दामदिन आणि माझी लेक. डिकीत तुझ्यासाठी मेंढीची अख्खी पाठ शेपटीसकट आडवी, म्हणून मांस भरलेल्या दोनशे गोठवलेल्या बुझांचा खोका माझ्या पायाशी. (दहा दिवस बसून वळले होते, तुझ्यासारखे जाड पारीचे नाहीत.) आणि ताई, हीटर असा पेटला की दामदिन शर्टावर गाडी चालवतोय! गारठलेल्या माणसाला बरं वाटावं ना? पण मी खाली बघते तर खोक्याच्या कडेला पाणी. बूझ वितळले की एकमेकांना चिकटून गोळा होतो, आणि तो गोळा तू सगळ्या पाहुण्यांना दाखवला असतास. मी ओरडले, "हीटर बंद कर!" दामदिन म्हणाला, "सासूबाई, आपण मरू." म्हटलं, "मर, पण बूझ ताठ राहिले पाहिजेत." शिवाय एसी लावायला सांगितला. त्याने बटण दाबलं, काही झालं नाही. एवढ्या थंडीत तो मेला चालूच होत नाही म्हणे. मग मी खिडकी उघडली. तिघांचा श्वास आणि थर्मासातल्या चहाची वाफ काचेवर आतून गोठली. दामदिन बँकेच्या कार्डाने खरवडतोय, लेक उलथन्याने खरवडतेय, आणि रस्ता जिथे वळला तिथे आम्ही वळलो नाही.

बर्फाच्या ढिगात गाडीचं तोंड फुटलं, नवं कोरं कूलंट सगळं सांडलं. चार तासांनी त्सेवेन नावाच्या मेंढपाळाने ट्रकने ओढून आपल्या घरी नेलं. सणाच्या दिवशी दारात आलेल्याला कोण सोडतो? तिथे बसलो, खाल्लं, आपले बूझही तिथेच उकडले. रात्र तिथेच गेली. सकाळी त्याने ओढत शहरात आणून सोडलं. आता सांग, यात चरबी कुठे आली?

गाडी दुरुस्त झालीय. शुक्रवारी येतो. वाट बघ, आणि फोन उचल.

तुझी धाकटी,
हांदसुरेन

ता. क. फिल्टरातल्या लोकरीचे तुला मोजे विणलेत. डिझेलचा वास येईल. पाय आत, नाक बाहेर, काही बिघडत नाही.

ता. क. २. त्सेवेनकडे खोका उघडला तेव्हा बूझ दगडासारखे होते. पाणी माझ्या बुटांवरच्या बर्फाचं होतं. दामदिनला सांगू नकोस, तो अजून हीटरलाच शिव्या देतोय.

ता. क. ३. खरं काम हे. त्सेवेनची आई ऐंशीची. मी अठ्ठ्याहत्तरची, म्हणजे रीतीप्रमाणे मीच तिच्या कोपरांखाली हात धरून नव्या वर्षाचा नमस्कार करायचा. सख्खी थोरली तू असताना, तुझ्याआधी दुसरीच्या कोपरांखाली हात? मी वय ब्याऐंशी सांगितलं. तिनेच माझे कोपर धरले, मानाच्या जागी मलाच बसवलं. (गादी मऊ होती, खोटं का बोलू.) आता शुक्रवारी ती आमच्याबरोबर येतेय, ब्याऐंशीच्या बाईची थोरली बहीण बघायची म्हणते. तेव्हा तू एक्क्याऐंशीची आहेस हे विसर. विचारलं तर पंच्याऐंशी सांग, आणि जरा वाकून चाल.