मारबतीकडून परत आणलेलं

प्रिय गुड्डी,

फोन ठेवल्यावर तू रडली असशील हे मला ठाऊक आहे, इकडे मीही काही हसत नव्हते. फोनवर आपल्या दोघींचं भांडणच होतं, म्हणून लिहायला बसले. तुझं शेवटचं वाक्य डोक्यातून जात नाही. “माय, त्या घरात मी बाळाले घेऊन कुठी बसू?” पहिलं बाळंतपण माहेरी करायची रीत. आमच्या सानगडीत आजवर कोण्या लेकीने आईला असं विचारलं नसेल. मला राग आला. मग मी घरात नजर फिरवली, आणि मलाही जागा दिसेना.

तुझ्या खोलीत धान्याच्या रिकाम्या चुंगड्या, पोती, पार छताला टेकल्या आहेत. तेलाचे पिपे, आहेरात आलेल्या प्लास्टिकच्या टोपल्या, तू शाळेत होतीस तेव्हाची वर्तमानपत्रं. स्वयंपाकघरात आडवं होऊन शिरावं लागतं. गाव म्हणतं, भाऊ गेला तेव्हापासून चंदा अशी झाली. उगाच काहीतरी. तुझा मामा होता तेव्हाही मी दोरीचा तुकडा टाकत नव्हते. तेव्हा त्याला काटकसर म्हणत, एवढाच फरक.

मारबतीच्या दिवशी काय झालं ते कोंढ्याला तुझ्या सासरी माझ्याआधी पोचलं. आता माझ्याकडून ऐक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गाव मारबतीच्या पुतळ्यामागे मोडकी सुपं, झिजलेले झाडू घेऊन वेशीबाहेर टाकायला निघतं, तसं तुझ्या बाबांनी हातगाडी भरून माझं सामान काढलं. मी अडवलं नाही. मारबत रोगराई नेते, तर माझं हेही नेईल असं वाटलं. सगळ्यांबरोबर मीसुद्धा ओरडले, “घेऊन जा गे मारबत!” घरी आले आणि रिकाम्या कोपऱ्यांसमोरून हलता येईना. दुपारी एकटी जाऊन सगळं परत घेऊन आले. मारबतीला दिलेलं कोणी परत आणत नाही गं. गावभराची इडापिडा मी हाताने घरात आणली, असं लोकांना वाटलं. तेव्हापासून आपल्या ओट्यावर कोणी चहाला टेकत नाही. तुझ्या सासूबाई तुला इकडे पाठवायला तयार नाहीत, त्यांना मी काय म्हणणार?

एक लीलाबाई येतात. नर्स होत्या, आता घरीच असतात. त्या बौद्ध, मारबत मानत नाहीत. त्यांनीच मला साकोलीला डॉक्टरकडे नेलं. हा आळस नाही, आजार आहे, आणि एका दिवसात ट्रॅक्टरची ट्रॉली भरून सामान काढलं म्हणून तो जात नाही, असं डॉक्टर म्हणाले. बाबांचं तोंड बघायला हवं होतंस. आता रोज सकाळी आम्ही दोघी तलावाच्या पाळीवरून फिरून येतो. मग चहा, आणि चहानंतर एकच वस्तू, माझ्या हाताने. लीलाबाई हात लावत नाहीत. नुसत्या म्हणतात, “फेकाले कोण सांगून राहिलं? ज्याच्या कामी येते त्याले दे.” काही चुंगड्या कापणीचं धान भरायला शेजारच्या जागेश्वरला दिल्या. बाजारात कोणाचं टाकलेलं खोकं दिसलं की हात पुढे जातोच. तेव्हा आहे तिथे उभं राहायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि घरचा रस्ता धरायचा. ऐकायला सोपं आहे. परवा बिनझाकणाचा डबा दिला आणि मी न्हाणीत जाऊन रडले. पण झोप लागते आहे. पुढच्या खोलीची खिडकी उघडते. तुझे बाबा चिडतात, या चालीने नातू शाळेत जाईल तेव्हा खोली होईल म्हणतात. खोटं नाही बोलत ते.

म्हणूनच लिहिते आहे, गुड्डी. तुझे दिवस भरेपर्यंत खोली होणार नाही. तू येऊ नकोस, मी येते कोंढ्याला. लेकीच्या सासरी जाऊन बाळंतपण काढणारी आई, असं लोक म्हणतील, तर म्हणू देत. तुझ्या लग्नापासून मी या घराबाहेर एक रात्र राहिलेली नाही, आणि का, ते तुला माहीत आहे. मी पाठ फिरवली की बाबा ट्रॉली बोलावतील, ही भीती. या वेळी किल्ली त्यांच्या हातात देऊन निघणार आहे. मी आल्यावर काय राहिलेलं असेल ते मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही. आई लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जात नाही, पण मी तशीच येईन. तू काही मागितलंस तरी आणणार नाही. तुझ्या सासूबाईंना विचार, मला घरात घेतील का. आणि लवकर कळव, नाहीतर माझा धीर सुटेल.

तुझीच,
घाबरलेली माय