दोनशे माणसांचं प्रमाण

३ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

दीड वर्षात आमच्याकडून तुम्हाला एक ओळ नाही, आणि आलं ते जावयाचं पत्र, म्हणून आधीच सांगतो, घाबरू नका. तुमची लेक ठीक आहे. म्हणजे आजच्या तारखेला ठीक आहे. तिला पुन्हा दिवस गेले आहेत आणि आज वीस आठवडे पूर्ण झाले. आधीची दोन याच सुमाराला गेली, त्यामुळे डॉक्टरीणबाईंनी तीन आठवड्यांपासून तिला अंथरुणावरून उठायची बंदी केली आहे. अठ्ठावीस आठवडे पार पडले की थोडा श्वास सोडता येईल, असं त्या म्हणतात. जिचं नावच तुम्ही भिंगरी ठेवलंत, जी खेळाची बाई म्हणून शाळेचं मैदान दिवसातून वीसदा पालथं घालायची, ती दिवसभर छताकडे बघत पडलेली असते.

मुख्य काळजी खाण्याची आहे. पोटात काही ठरत नाही. मी वजनकाटे दुरुस्त करणारा माणूस, त्यामुळे घरातला काटा खोटं बोलत नाही. तीन आठवड्यांत अडीच किलो उतरली. असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल, आणि त्या खाटेचं नाव काढलं तरी ती चादर डोक्यावरून ओढून घेते. परवा दुपारी अर्धवट झोपेत ती म्हणाली, की तापाच्या वॉर्डातली फळांची वाटी मिळाली तर खाईन. ती आठ वर्षांची असताना जिथे महिनाभर होती, त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात तुम्ही होतात. ती फळं कशी करायची तेवढं कळवाल का?

फोन केला नाही, कारण आमच्या दोनच खोल्या आणि तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही. ओरडलो असतो तर सगळ्या इमारतीला कळलं असतं. हे पत्र तिला ठाऊक नाही. उत्तर दुकानाच्या पत्त्यावर पाठवावं. रागावला असाल तर राग माझ्यावर काढावा, पण प्रमाण जरूर कळवावं.

आपला,
जावई


७ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. विचारलंत म्हणून सांगतो. पण किती माणसांचं करणार ते तुम्ही लिहिलेलंच नाही. आमच्याकडे रोज सकाळी सात वाजता प्रत्येक वॉर्डातून चिठ्ठी यायची, माणसं इतकी, पथ्याची इतकी. चिठ्ठी हातात पडल्याशिवाय मी तीस वर्षांत एकदाही शेगडी पेटवली नाही. एकदा मोठ्या डॉक्टरांनी येऊन घाई केली, त्यांनाही मी बाकावर बसवून ठेवलं होतं.

घरी तिची आई होती तोवर मला ओट्याजवळ फिरकू द्यायची नाही, आता खाणावळीचा डबा येतो, त्यामुळे मला येतं ते दोनशे माणसांचंच. ते असं. सफरचंद वीस किलो, पेर दहा किलो, सुके आलुबुखार दोन किलो, साखर तीन किलो, पाणी वीस लिटर, लिंबं पंधरा, दालचिनी दोन मुठी. मोठ्या पातेल्यात मंद आचेवर दीड तास. आहाराच्या बाई फळ्यावर त्याला कॉम्पोट लिहायच्या, बाकी सगळे फळांची वाटीच म्हणायचे. तुम्ही हिशेबी माणूस आहात, भागाकार करून घ्या.

दुसरं काही लिहिण्यासारखं नाही. तिचं वजन आता किती आहे ते उलट टपाली कळवा.

लोभ किती शिल्लक आहे ते ठाऊक नाही, असेल तेवढा राहू द्यावा.

तुमचा,
बाबा


१२ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

भागाकार केला. सफरचंद शंभर ग्रॅम, पेर पन्नास, आलुबुखार दहा, साखर पंधरा. इथवर काटा माझ्या बाजूने होता. मग एका लिंबाचा तेरावा भाग आला. दोन मुठी दालचिनी भागिले दोनशे याचं उत्तर तर मूठ कुणाची यावर अडलं, तेव्हा तिथे मी हात टेकले. दीड तासाला दोनशेने भागलं की सत्तावीस सेकंद येतात. एवढ्यात फळं शिजणार नाहीत हे माझ्यासारख्यालाही कळलं, म्हणून वेळ मात्र पूर्ण दीड तास ठेवली. बाबा, पातेलं गेलं. तळाशी कोळसा आणि वर धूर. शेजारच्या बाई ओल्या फडक्यासह धावत आल्या.

आतल्या खोलीतून भिंगरी हसली. महिन्याभरात पहिल्यांदा हसली, म्हणून मला पातेल्याचं वाईट वाटलं नाही. काय करतोयस म्हणून विचारलं, तर मी मुरंबा म्हणालो. तिचा विश्वास बसला नाही.

वजन आणखी अर्धा किलो कमी आहे. आणि एक गोष्ट मला आत टोचते, ती तुम्हालाच लिहितो. ती बाळाबद्दल बोलतच नाही. शेजारच्या बाई सहज म्हणाल्या, की आता तिघांचा संसार होणार. तर ही एकदम म्हणाली, आम्ही दोघं आहोत, दोघंच धरा. झबलं आणायचं नाही, नाव सुचवायचं नाही, पाळण्याचा विषय काढला तर तोंड फिरवते. मोजलं की जातं, असं तिच्या मनाने घेतलं आहे. दिवसभर चादरीच्या काठाच्या दशा ओढत असते. काठ संपत आला.

भागाकाराच्या पलीकडचं काही असेल तर ते सांगावं. नव्या पातेल्याची वाट बघणारा,

जावई


१८ सप्टेंबर

चि. जावईबापू यांस,
अनेक आशीर्वाद.

तुमचं पत्र वाचून आधी तुमच्यावर चिडलो, मग स्वतःवर. दोनशे माणसांचं पातेलं नुसतं उकळायलाच तास घेतं. तुमचं भांडं पाच मिनिटांत उकळलं आणि पुढचा सगळा वेळ जळत बसलं. हे मला आधीच सुचायला हवं होतं. बाजारात जाऊन सगळ्यात लहान भांडं घेतलं, ते हातात धरल्यावर खेळण्यातलं वाटलं. चार दिवस दुसरं काही केलं नाही. पहिल्यांदा लापशी झाली, दुसऱ्यांदा सूप, तिसऱ्यांदा करपलं. तीस वर्षं मोठा आचारी म्हणून मिरवलो आणि एका माणसाचं करता येईना. घरात बसवेना, म्हणून प्रत्येक वेळी फाटकावरच्या टपालपेटीपर्यंत चालत जाऊन तुमचं पत्र आलंय का बघून येत होतो. पोस्टमन आता मला लांबूनच हाताने नाही म्हणतो.

चौथ्यांदा जमलं. नीट वाचा आणि काटा बाजूला ठेवा. दोन सफरचंदं आणि एक पेर सोलून अंगठ्याच्या पेराएवढे तुकडे करा. पाणी घालायचं नाही. धुतल्यावर फळांच्या अंगाला राहील तेवढंच. सहा सुके आलुबुखार तासभर चार चमचे पाण्यात भिजवा, आणि त्यातला एक बाजूला काढून बाकीचे पाण्यासकट त्यात घाला. बोटाएवढी दालचिनी. झाकण ठेवा, आच बारीक, बारा मिनिटं. ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं. फळांनी पाणी सोडलं की चमचाभर साखर, उतरवल्यावर लिंबाचे चार थेंब. पूर्ण गार झाल्याशिवाय तिच्या खोलीत न्यायचं नाही, गरम वासानेच तिला मळमळेल. वाटीत वाढल्यावर बाजूला काढलेला अख्खा आलुबुखार वर मधोमध ठेवा. का, ते विचारू नका.

आता दुसरं. दुसऱ्या वेळी दवाखान्याच्या दारात मी तिला म्हणालो होतो, की पोटात मूल घेऊन शिट्टी फुंकत मैदानभर धावतेस, मग दुसरं काय होणार. तुम्ही तिथेच औषधांची पिशवी धरून उभे होतात. त्या वेळी मला रडू येत होतं आणि तोंडातून ते बाहेर पडलं. रोज सकाळी सात वाजता जाग येते आणि तेच वाक्य आठवतं. तुम्ही सांगाल तर पहिल्या गाडीने येतो.

वजन कळवा. माझा जीव टांगणीला लागला आहे हे ध्यानात असू द्यावं.

तुमचा,
बाबा


२६ सप्टेंबर

तीर्थरूप बाबांच्या सेवेशी,
शि. सा. न. वि. वि.

खाल्लं! पहिल्या दिवशी अर्धी वाटी, दुसऱ्या दिवशी पूर्ण, आणि काल वाटीला चमच्याचा आवाज येईपर्यंत खरवडून. आठवड्यात तीनशे ग्रॅम वाढली. तीनदा काटा तपासून मगच लिहितोय. त्या फळांच्या आधाराने आता दोन घास भातही जातो. माझा जीव भांड्यात पडला, तेही न जळलेल्या.

पण चोरी पकडली गेली. वाटी समोर ठेवली तेव्हा वरच्या आलुबुखाराकडे ती बघत राहिली. मग भिंतीकडे तोंड करून खाल्लं. संपल्यावर म्हणाली, ही वाटी कुणी शिकवली ते कळलं, पत्रं घरी आली नाहीत म्हणजे दुकानात असतील, ती आण. मी आणली. सगळी वाचली आणि उशीखाली ठेवली. मला एवढंच म्हणाली, की त्या माणसाला कळव, दालचिनी कमी आहे.

तुम्ही यायचं विचारलंत. मी तिला विचारलं, आणि ती नको म्हणाली. कारणही तिनेच सांगितलं, ते जसंच्या तसं लिहिणं मला भाग आहे. या वेळीही काही झालं तर ते त्यांच्या डोळ्यांदेखत नको, असं म्हणाली. ते पुन्हा काही बोलतील आणि या खेपेला मी ते सोसू शकणार नाही. मला वाईट वाटतं, पण मी तिच्या बाजूचा आहे.

राग नसावा. दालचिनी वाढवली आहे.

आपला,
जावई


१० ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न.

घाईत लिहितो. मंगळवारी सकाळी थोडं रक्त गेलं. तीन दिवस दवाखान्यात होतो, आज घरी सोडलं. ठोके नीट आहेत, मी स्वतः ऐकले. डॉक्टरीणबाई म्हणतात की धोका टळला असं आत्ताच म्हणायचं नाही. तिथलं जेवण तिने बाजूला सारलं. मी घरी येऊन फळं करून नेत होतो, तीच खाल्ली. आशीर्वाद असू द्यावा.

जावई


१३ ऑक्टोबर

चि. भिंगरीस,
अनेक आशीर्वाद.

आजवरची पत्रं तुझ्या नवऱ्याला लिहिली, कारण तुला लिहायची छाती नव्हती. त्याचं पत्र आल्याबरोबर पिशवी भरली, त्यात लहान भांडं टाकलं आणि बसस्टँडवर गेलो. तिकीट काढलं. गाडी लागली, भरली, माझी जागा खिडकीची होती. मग तुझं नको आठवलं. तू नको म्हणालीस ते रागाने म्हणाली असतीस तर मी न जुमानता आलो असतो. पण भीतीने म्हणालीस, आणि ती भीती मीच घातलेली आहे. गाडी गेली. पाच वाजेपर्यंत तिथल्या बाकावर बसलो. पेर विकणाऱ्या बाईंनी दोनदा विचारलं, की कुणाला घ्यायला आलात.

भिंगरे, मी चुकलो. तुझ्या धावण्याने काही झालं नव्हतं. हे डॉक्टरांनी त्याच दिवशी मला सांगितलं होतं आणि तरी मी तुला सांगायला आलो नाही. दीड वर्ष लाजेने घरात बसून राहिलो. बोललो त्याहून ते मोठं पाप आहे. तू उत्तर दिलं नाहीस तरी चालेल, फळं खात राहा. मी इथे रोज एका माणसाची करतो, हात बसावा म्हणून. खायला मीच असतो.

तुझा,
बाबा


२९ ऑक्टोबर

तीर्थरूप बाबांस,
सा. न. वि. वि.

उताणं पडून लिहितेय, अक्षर पायाने काढल्यासारखं येईल. तुमचं पत्र आल्यापासून दोन आठवड्यांत चार पत्रं लिहून फाडली. तुमच्या जावयाने तुकडे गोळा करून त्यांचंही वजन केलं असेल, त्याचा नेम नाही.

तापाच्या वॉर्डात घरच्यांना आत सोडत नसत. तुम्ही त्याच इमारतीत, दोन मजले खाली, आणि तरी महिनाभर मला दिसला नाहीत. एकतीस मुलं होतो आणि एकतीस वाट्या यायच्या. त्यातल्या एकीवर मधोमध अख्खा आलुबुखार असायचा, आणि सिस्टर ती न विचारता माझ्यापुढे ठेवायच्या. मी तो शेवटी खायची. रोज वाटायचं, की आज माझे बाबा खाली आहेत. गेल्या महिन्यात तीच वाटी इथे समोर आली तेव्हा मला तुमचा इतका राग आला आणि तुमची इतकी आठवण आली, की दोन्ही एकदम सोसवेना. म्हणून भिंतीकडे तोंड केलं.

तुमचं ते वाक्य मी विसरलेले नाही. विसरेन असं खोटं वचनही देत नाही. पण तुम्ही गाडीत चढला नाहीत, हे मी चार वेळा वाचलं. मला वाटायचं, की तुम्हाला माझं कधी ऐकूच येत नाही.

आज अठ्ठावीस आठवडे पूर्ण झाले. सकाळी डॉक्टरीणबाई येऊन हसून गेल्या. उठायची बंदी अजून आहेच, आणि तुमचा जावई चांगला असला तरी त्याची फळं रोज तंतोतंत एकाच चवीची होतात, तिचा मला कंटाळा आला आहे. लहान भांडं घेऊन यावं. आकडा हातात पडल्याशिवाय तुम्ही शेगडी पेटवत नाही हे ठाऊक आहे, म्हणून सोबत चिठ्ठी जोडली आहे. शेवटचा आकडा दोनदा खोडून पुन्हा लिहिला आहे, खाडाखोड सांभाळून घ्यावी.

तुमची,
भिंगरी

वॉर्ड : आतली खोली
पथ्याची माणसं : एक
दात नसलेली : एक, जानेवारीपासून
एकूण माणसं : चार