भरलेली बाटली

४ एप्रिल

चि. ठकीस,

आजीचे पोटभर आशीर्वाद. वि. वि. तुझं पत्र मी दोनदा वाचलं, मग शेजारच्या शिंपिणीकडून एकदा वाचून घेतलं. माझ्या डोळ्यांवर आता माझाच भरवसा नाही. नोकरी लागली असंच लिहिलंय ना, याची खात्री केली. किती दारांवरून परत आलीस. कुणी म्हणे आमच्याकडे जिना आहे, कुणी म्हणे बऱ्या झालात की या, जसं काही तुला पडसं झालंय. आता औषधांच्या गोदामात फोनवर मागणी लिहून घ्यायची, म्हणजे बसून काम. आपल्या घरात बसून खाणारे पुष्कळ झाले, तुझे आजोबा त्यांचे पुढारी. बसून कमावणारी तूच पहिली.

शिंपिणीला मी मुद्दाम पुन्हा पुन्हा सांगते. तीच म्हणाली होती ना, कुबड्यावालीला कोण ठेवतंय.

सोबत स्टीलची मोठी बाटली पाठवलीय. बोलून बोलून घसा सुकेल. भरून टेबलावर ठेवत जा, संध्याकाळी रिकामी घरी ने. आणखी काहीतरी लिहायचं होतं, आठवेना. मांजरीला पिल्लं झाली.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नये.

तुझी आजी

२१ एप्रिल

ती. आजीस,

सा. न. बाटली मिळाली. टेबलावर भरलेली असते, सगळे तिच्यातलंच पितात आणि तू सांगितल्याप्रमाणे मी ती रिकामी घरी आणते. फोन सकाळपासून वाजतो. संध्याकाळी डोकं गच्च होतं. मध्ये ताप आला म्हणून घरी राहिले, तर साहेब म्हणाले, तुम्हा लोकांना घेतलं की हे असंच होतं. इतकी दारं फिरून झाल्यावर उलट बोलायचाही कंटाळा येतो. पिल्लांचे डोळे उघडले का?

तुझी माया अशीच असू दे.

ठकी

२९ एप्रिल

चि. ठकीस,

आशीर्वाद, पण आज जरा रागावून. मी दुसरीच्या पुढे शिकले नाही, तरी पत्रात काय लिहिलेलं नाही ते मला वाचता येतं. सगळे पाणी पितात म्हणतेस. तू पितेस असं कुठे आहे? आणि ताप कसला? डोळे उघडले पिल्लांचे, तुझेही उघड.

तुझी आजी

८ मे

ती. आजीस,

सा. न. तुझ्यापासून काय लपवायचं. मी दिवसभर पाणी पीत नव्हते. बायकांचं स्वच्छतागृह वरच्या मजल्यावर आहे. खालचं पाहुण्यांसाठी, कुलपात. पहिल्याच दिवशी किल्ली मागितली, तर साहेब म्हणाले, नोकरी दिली, आता मोरीही द्यायची का. ते हसले, म्हणून मीही हसले. ताप त्याचाच. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाणी प्या नाहीतर मूत्रपिंडं धरून बसाल. सोडावीशी वाटत होती नोकरी, पण पुन्हा ती दारं फिरायचं त्राण नाही.

काल सगळ्यांच्या आधी बाटली मीच संपवली. मग जिन्याशी गेले, कुबड्या खाली ठेवल्या, आणि पाठमोरी बसून एकेक पायरी वर सरकत गेले. खाली माझा फोन वाजत राहिला. उतरले तेव्हा साहेब जिन्याशी उभे होते, कुठे बघावं त्यांना कळेना. मला वाटलं, गेली नोकरी.

आज बघते तर खालची किल्ली माझ्या टेबलामागे टांगलेली. खिळा मात्र इतका उंच ठोकलाय की मला कुबडीने ती खाली पाडावी लागते आणि परत टांगायला दुसऱ्याला विनवावं लागतं. दमले आजी. राग आवर, माया ठेव.

ठकी

१५ मे

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचून आधी हसले, मग पिल्लांपाशी नुसतीच बसून राहिले. शिंपिणीने विचारलं, कशी आहे नातीची नोकरी. म्हटलं, बसून आहे. पायऱ्यांचं तिला कशाला सांगू.

परत टांगायला कुणाला विनवू नकोस. पडली तिथेच राहू दे. येता-जाता साहेबांच्याच पायाखाली येईल, मग खिळा आपोआप खाली उतरेल. नाहीच उतरला, तर किल्ली पाडताना जोरात पाड, फोनवरच्या माणसालासुद्धा ऐकू गेली पाहिजे.

लोभाचं मी बघते. तू पाणी पी.

तुझी आजी