वोदरी बोलणारं कोणी नाही

२ एप्रिल, बुधवार

माझ्या भाषेतला 'मध' महिनाभर अडला होता, आज सुटला. मेदू! सगळे नियम ओळीने चालवले आणि खाली हाच उरला. मला खरं तर 'मेधू' जास्त गोड वाटत होता. पण दोन स्वरांमधला 'ध' मऊ होऊन 'द' होतो असं मीच ठरवलंय ना! मग आवडता शब्द म्हणून सूट नाही.

हे सांगू कोणाला? स्टाफरूममध्ये? तिथे सोयाबीनचा भाव आणि कोणाच्या पोराचं कुठे जमलं. मी तासिका तत्त्वावरची, मला धड खुर्चीसुद्धा नाही. योगिनी मॅडम भाषा बनवतात हे एकदा कळलं होतं त्यांना. "कायले वो मॅडम? आहेत तेवढ्या पुरत नाईत का?" सगळे हसले, चहा आला, विषय संपला.

३ एप्रिल

ऐकणारं कोणी नाही, तर इथेच समजावून सांगते.

हजारो वर्षांपूर्वीची एक मूळ बोली. तिच्यातूनच संस्कृत, फारसी, इंग्रजी, आपली मराठीही. त्या माणसांतली एक टोळी वाट चुकून एखाद्या नदीकाठी राहिली असती तर? पाण्याला ते 'वोदर' म्हणाले असते, म्हणून माझी भाषा वोदरी. जुना शब्द घ्यायचा आणि पिढ्यान् पिढ्या त्याचे ध्वनी बदलत आणायचे. सुरुवातीच्या 'प'चा 'फ', 'क'चा 'ख'. बाप म्हणजे फदेर, पाय म्हणजे फोद. 'लप' म्हणायचं तर — खेवदे.

नियम माझे, पण बोलायची रुखमा. माझी बहीण, दोन वर्षांनी मोठी. तिला बघायला पाहुणे आले की ती मला डोळा मारायची, "खेवदे!" आणि दोघी मागच्या दाराने गोठ्यात पसार! आई हाका मारून थकायची. लग्न झालं आणि वोदरी बोलणारं एकुलतं एक माणूस जऊळक्याला गेलं.

६ एप्रिल, रविवार. रामनवमी

पोहरादेवीची यात्रा. एकही एसटी रिकामी नाही. फाट्यावर उभं राहून पायांचे तुकडे पडले, शेवटी आसेगावला घरी परतले. बरंच झालं! रुखमाकडे गेले असते आणि पुन्हा अपमान करून घेतला असता.

तिच्या वैशूच्या तिसऱ्या वाढदिवसाचं जेवण विसरता येत नाही. भरल्या पंगतीत ऋषिकेश भाऊजी म्हणाले, "तुमी दोघी बहिणी म्हने अलगच भाषा बोलत होत्या? बोला ना जरा, आमालेई ऐकू द्या."

मी रुखमाकडे पाहिलं. ती पोळ्या वाढत होती. हसली. "तो येडेपणा होता जी. मले तं एक शब्दई आठवत नाई आता."

एक शब्दही! जी झोपेतसुद्धा वोदरीत बडबडायची! भाऊजींचं समाधान झालं, त्यांनी आणखी भात मागितला. मला ताटावरून उठून जावंसं वाटलं. उठले नाही, एवढंच.

११ एप्रिल

रुखमाला फोन केला. मुद्दाम वोदरीत विचारलं, कशी आहेस? पलीकडून एकदम मोठ्याने — "हो हो, सारं ठीक हाये. फोन स्पीकरवर हाये. ठेवतो मी."

ठेवला. जणू मी शिवी दिली! स्पीकरवर ऐकणारा नवराच ना? त्याच्या कानावर चार अनोळखी शब्द पडले तर काय आभाळ कोसळणार होतं? लाज वाटते तिला. माझी आणि माझ्या भाषेची. सासर भेटलं की माहेरचं सगळंच येडेपणा.

१९ एप्रिल

शेवटचा नियमही बसला. करायचंय काय त्याचं?

२४ एप्रिल

आज जुनं भांडण आठवलं. रुखमा म्हणायची, "योगे, तुये नियम साऱ्या शब्दाईले सारखे काहून वं? जो शब्द दिवसभर तोंडात राह्यते, तो जास्त घासते. पायातल्या चपलेसारखा."

मी तिला उडवून लावायची. नियम सगळ्यांना सारखा! एकेका शब्दाचे लाड करत बसलं तर भाषा उभी राहत नाही. यावर मोठमोठ्यांचे वाद आहेत म्हणा, पण मी नियमाच्या बाजूची. ती म्हणायची, "तुयी भाषा कागदावरची हाये. कोनी बोलन तवा पाहू." मग कोणी बोलत का नाही, रुखमाबाई? तूच सोडलीस ना?

३ मे, शनिवार

आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून रुखमा आलीय, वैशूला घेऊन. भाऊजी मोटारसायकलवरून सोडून गेले. चहाही घेतला नाही. "सोमवारी सकाळी येतो, तयार राह्यजा." बाबा त्यांच्यामागे फाटकापर्यंत गेले. जावई म्हटला की बाबांचं पाणी पाणी होतं.

रुखमा स्वयंपाकघरात घुसलीय ती बाहेर येतच नाही. माझ्याजवळ बसायचं टाळते. बरं. मीही विचारणार नाही.

४ मे, रविवार सकाळ

आत्ताच लिहून ठेवते!

वैशू झोपेतून उठून माझ्याजवळ आली, डोळे चोळत. म्हणाली, "मावशी, वोदर दे."

मी पाण्याचा पेला दिला आणि पाहतच राहिले. मग तिने पाय पुढे केला — "फोद दुखते." स्वच्छ उच्चार, एक ध्वनी इकडचा तिकडे नाही. माझे शब्द, एका लहान लेकराच्या तोंडात! हसू की रडू कळेना.

आणि मग संतापच आला. म्हणजे घरी पोरीशी बोलते! तिला शिकवलंय! आणि चारचौघांत माझ्या तोंडावर येडेपणा? तशीच चुलीपाशी गेले. "वैशू वोदरी बोलते. खोटं काहून बोलली तू मले?"

रुखमाने भाकरी उलटली. "हळू बोल," एवढंच म्हणाली.

घरात माझ्या आईबापाशिवाय कोणी नाही, आणि हळू बोल! एवढी लाज! दिवसभर तिच्याशी बोलणार नाही.

४ मे, संध्याकाळ

अंगणात वैशू आणि मी चिंचोके खेळत होतो. फाटकाशी मोटारसायकल थांबली. पोर झटकन बाजेखाली! तिथून माझी ओढणी ओढायला लागली. "मावशी, खे! खे!" ओठ हलू न देता.

मला आधी कळलंच नाही. भाऊजी नव्हते, धरमसिंग दूध घालायला आला होता. घालून गेला. वैशू बाहेर येईना.

खेवदे. पाणी जसंच्या तसं, पाय जसाच्या तसा. हा एकच शब्द घासून एवढासा उरलाय, पायातल्या चपलेसारखा.

मान वर केली तर रुखमा दारात. मीच रडले.

भाऊजी उद्या न्यायला येणार आहेत. बाबांना सांगितलं — रुखमा जाणार नाही.