एक हात कमी पडला

२५ नोव्हेंबर १९७८, शनिवार

कॉलनीची फुटबॉल टीम ओळीनं तीन सामने हरली, म्हणून मारुतीच्या देवळात बैठक झाली. माझा धाकटा दीर वसंता कोच, वय चोवीस. मी आत, दाराशी वाती वळत होते.

"मिशी फुटली नाही, अन् आमाले शिकवून राहिला," एकजण म्हणाला.

"एक हंगाम तं द्या ना गा त्याले," दुसरा.

वसंताला बाहेर थांबवलं, अन् त्याला ठेवायचं म्हणणाऱ्यांनी हात वर केले. एकच हात कमी पडला. ह्यांचा हात मांडीवरच. काहून? घरी म्हणाले, "सख्खा भाऊ हाय, लोक नावं ठेवतील."

जेवताना वसंतानं विचारलं, "वयनी, तुमी दारातून पाहत होत्या. दादाचा हात वर होता ना?"

हो म्हटलं. शनिवारचा उपास धरून. मारुतीराया, दुसरं काय सांगायचं होतं मी?